प्राणी होऊन खेळायचे टेबलटॉप आरपीजी : शेपूट नुसतं चित्रात की नियमांतही?

रानवाट

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हटलं लिहूनच टाकू. ससा, उंदीर, कोल्हा, कुत्रा असं काहीतरी होऊन खेळायचे टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र, म्हणजे कॅरॅक्टर, रंगवायचे खेळ) आता भरपूर निघालेत आणि मला ते मनापासून आवडतात, पण त्यातले बरेच खेळताना अर्धा तास होत नाही तोवर सगळे विसरलेले असतात की आपण प्राणी आहोत. शीटवर, म्हणजे कॅरॅक्टरच्या माहितीच्या कागदावर, कोल्हा लिहिलेलं असतं, चित्र झकास असतं, आणि खेळात मात्र तो लाथ मारून दारं उघडतो, तलवार उपसतो, राजदरबारात भाषण करतो, म्हणजे माणूसच की. त्याला कसला वास येत नाही, तो कान टवकारत नाही, मोठं जनावर समोर आलं तर त्याला पळावंसं वाटत नाही.

माझं म्हणणं असं की प्राणीपण नियमांत उतरलं पाहिजे. जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वर्णन छान केलं, खेळणाऱ्याने आवाज काढून दाखवला, हे सगळं हवंच, पण फासे टाकायच्या वेळी ससा आणि माणूस यांच्यात काडीचाही फरक नसेल तर दुसऱ्या सेशनपर्यंत, म्हणजे दुसऱ्या बैठकीपर्यंत, तो ससा उरत नाही.

आणि ही गोष्ट या छंदाच्या अगदी सुरुवातीलाच कळली होती लोकांना. ज्याने हा छंद सुरू केला तो डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) आला १९७४ ला आणि १९७६ ला फँटसी गेम्स अनलिमिटेडने 'बनीज अँड बरोज' काढला, डेनिस सस्टेअर आणि स्कॉट रॉबिन्सन यांचा. त्यात तुम्ही खरेखुरे ससे असता, चार पायांवर चालणारे, बिळात राहणारे. कॅरॅक्टरच्या मूळ गुणांमध्ये ताकद, वेग, बुद्धी यांच्या जोडीला वास घेण्याची क्षमता हाही एक गुण आहे! ही एवढीशी गोष्ट, पण तिने सगळं बदलतं, कारण शीटवर जो आकडा असतो तो माणूस वापरायला जातोच. 'मी हवेचा वास घेतो' असं खेळणारा आपणहून म्हणतो, जीएमला आठवण करून द्यावी लागत नाही. कॅरॅक्टरचे प्रकारही तसेच, पळण्यात तरबेज, टेहळणी करणारा, झाडपाला जाणणारा, गोष्टी सांगणारा. (रच्याकने, डी अँड डी मधला ड्रुइड हा कॅरॅक्टरचा प्रकार ज्यांनी बनवला ते हेच सस्टेअर.)

दुसरं माझं लाडकं उदाहरण म्हणजे ल्यूक क्रेनचा २००८ चा 'माउस गार्ड', त्याच नावाच्या कॉमिकवरून केलेला. त्यात नेचर नावाचा एक आकडा आहे. पळून जाणं, चढणं, लपणं, खाणं शोधणं ही उंदराची कामं, ती करताना नेचर खुशाल वापरा. पण गार्डमधल्या, म्हणजे उंदरांच्या रक्षक दलातल्या, उंदराला रोज नेमकं उलटं करावं लागतं, उभं राहून लढायचं, दुसऱ्यासाठी वादळात शिरायचं, आणि असल्या स्वभावाबाहेरच्या कामात नेचर पणाला लावलं की ते झिजतं. नेचर फार चढलं तर तुम्ही इतके उंदीर होता की गार्डमध्ये राहता येत नाही, आणि पार संपलं तर तुमच्यातला उंदीरच संपतो, दोन्हीकडे कॅरॅक्टर हातातून जातं. म्हणजे अख्खा खेळ त्या दोन टोकांच्या मधल्या जागेत चालतो. प्राणी खेळायचा तर असा खेळावा असं मला वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्या खेळात खरंच प्राणी झाल्यासारखं वाटलं?

सहाचा फासा

प्रचंड सहमत. आणि यासाठी जाडजूड रूलबुकच लागतं असंही नाही. ग्रँट हॉविटचा 'हनी हाइस्ट' (२०१७) बघा, सगळे नियम एका पानावर. तुम्ही अस्वल आहात आणि मध चोरायचा मोठा बेत आखलाय. दोनच आकडे, एक अस्वल आणि एक गुन्हेगार, दोन्ही तीनवर सुरू होतात. सहाचा फासा टाकायचा, त्या त्या आकड्याइतका किंवा कमी आला की जमलं. बेत फिसकटला की एक अंक गुन्हेगारकडून अस्वलाकडे जातो, बेत सुरळीत पार पडला की उलट. अस्वल सहावर गेलं की तुमचं भान सुटतं, निव्वळ जंगली जनावर, आणि गुन्हेगार सहावर गेला की तुम्ही साथीदारांना सोडून कायमचे त्या धंद्याला लागता. तुमच्या माउस गार्डमधली तीच ओढाताण, फक्त दोन अंकांत.

याआधीचं पण एक सांगतो, १९८५ चा पॅलेडियमचा 'टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स अँड अदर स्ट्रेंजनेस', एरिक वुजिकचा. आज तो खेळायला किचकट वाटेल, पण कॅरॅक्टर बनवायची पद्धत अजून कोणी मागे टाकलेली नाही असं माझं ठाम मत आहे. आधी प्राणी ठरतो, प्रत्येक प्राण्याला आकाराची पायरी आणि बायो-ई नावाचे पॉइंट मिळतात, आणि त्या पॉइंटांतून माणूसपण विकत घ्यायचं. हात, दोन पायांवर उभं राहणं, बोलणं, दिसणं, प्रत्येकात तीन पायऱ्या, काहीच नाही, अर्धवट, पूर्ण. पंजाच ठेवला तर फुकट, अर्धवट हाताला ५, पूर्ण हाताला १०. त्याच पॉइंटांतून रात्री दिसणं, नखं, तीक्ष्ण नाक पण घ्यायचं असतं. मग माणूस तासभर विचार करत बसतो की मला बोलता येऊ दे का पंजात नखं राहू देत. बोलता न येणारा पण हात असलेला बिजू खेळलोय मी, अख्खं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) खुणांवर काढलं, आणि पार्टीतल्या, म्हणजे आमच्या टोळीतल्या, बाकीच्यांना माझ्या खुणा इतक्या पाठ झाल्या की शेवटी शेवटी जीएमच विचारायचा, हा काय म्हणतोय.

घुबडराव

धागा चांगला आहे पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे.

'रूट' चं आरपीजी आम्ही खूप खेळतो, मॅग्पाय गेम्सचं. २०१८ च्या लेडर गेम्सच्या बोर्डगेमवरून केलेलं. त्यात तुम्ही कोल्हा आहात का उंदीर का पक्षी याने फाशांना काहीही फरक पडत नाही. दोन फासे टाका, दहा किंवा वर आलं की झालं काम, सात ते नऊ म्हणजे काम होतं पण किंमत मोजावी लागते, सहा किंवा खाली म्हणजे जीएमच्या तावडीत सापडलात. सगळा भर प्लेबुकवर, म्हणजे कॅरॅक्टरच्या तयार साच्यांवर, चोर, कारागीर, भटका वगैरे. आणि तरीही आमच्या टेबलावर प्राणीपण भरपूर असतं कारण जंगलाचं राजकारणच तसं आहे, मांजरांचं सैन्य लाकूड तोडून कारखाने उभारतंय, पक्ष्यांच्या जुन्या घराण्याला गादी परत हवीये, आणि खाली उंदीर, ससे, कोल्हे या दोघांच्या मधे भरडले जातायत. एखाद्या वस्तीत मांजराचा शिपाई आला की सगळे गप्प होतात, त्याला नियम लागत नाही.

उलट नियमांत कोंबलं की माणसं आकड्यांसाठी प्राणी निवडायला लागतात. वासाला जादा फासा मिळतो म्हणून लांडगा. हे जास्त वाईट नाही का?

रानवाट

@घुबडराव, मांजराचा शिपाई आल्यावर वस्ती गप्प होते हे सुंदर आहे. पण मला सांगा, मांजरांच्या जागी दुसऱ्या राज्याची माणसं घातली तर त्या प्रसंगात काय बदलेल? सत्ता, भीती, कारखाने, सगळं जसंच्या तसं राहील. रूट चांगला खेळ आहे यात वादच नाही, पण तो बंडखोरांचा आणि भटक्यांचा खेळ आहे आणि प्राणी त्याचा पोशाख आहेत, हे मी टीका म्हणून म्हणत नाहीये, तसा खेळ हवा असतो तेव्हा मी तोच काढते.

आकड्यांसाठी लांडगा निवडला तरी माझी हरकत नाही. निवडला ना, मग तो वास घेणार. दहा वेळा वास घेतल्यावर अकराव्या वेळी तो नाकानेच विचार करायला लागतो. नियमांचा उपयोग तोच आहे, ते हात धरून तुम्हाला त्या शरीरात नेऊन बसवतात.

मनीमाऊ

मला वेगळाच प्रश्न कायम पडतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. खातात काय? पार्टीत एक कोल्हा आहे, एक ससा आहे, दोघं जिवाभावाचे मित्र. रात्री शेकोटीवर काय शिजतंय? एकदा हा प्रश्न टेबलावर आला की तो टाळता येत नाही, आमच्या एका सेशनमध्ये खेळणारीने सहज विचारलं की हा मांजर सरदार जेवतो काय, आणि सगळे एकदम शांत, कारण आम्ही सगळे उंदीर होतो.

यावर प्रत्येक खेळाने काहीतरी ठरवलेलं असतं आणि त्या ठरवण्यावरून त्याचा सगळा सूर कळतो. 'वॉंडरहोम' (जे ड्रॅगन, २०२१) मध्ये किडे हे पाळीव जनावरांच्या जागी आहेत, मेंढपाळ भुंग्यांचे कळप राखतो, पतंगांकरवी टपाल जातं. त्यात फासे नाहीत, लढाई नाही, जीएम असला तर असला. युद्ध होऊन गेलंय आणि आपण नुसते गावोगाव फिरतोय. पण त्यातल्या माजी सैनिकाकडे एक तलवार असते, आणि ती उपसून तो समोरच्याला खरंच मारू शकतो, फक्त मारल्यावर आपलं ते सैनिकाचं कॅरॅक्टर खेळातून काढून टाकायचं. मी ते प्लेबुक खेळलेय. अख्खा वेळ हाताशी ते पातं आहे आणि आपण ते काढत नाही आहोत, याचं जे वजन असतं ना ते हजार लढायांत नाही आलं मला.

आणि दुसऱ्या टोकाला 'द वॉरन', मार्शल मिलरचा, बुली पल्पिटने २०१५ ला काढलेला. तिथे तुम्ही साधे ससे आहात, तुमच्याकडे शस्त्र नाही, आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येकाला तुम्हाला खायचंय. पॅनिकचे नियम आहेत, घाबरून भान सुटणं ही खेळाची गोष्टच आहे. एक ससा गेला की बिळातला दुसरा घ्यायचा, वस्ती पुढे चालू.

सहाचा फासा

@मनीमाऊ प्रतिसाद फार आवडला. पॅनिकवरून आठवलं, बऱ्याच खेळणाऱ्यांना आपलं कॅरॅक्टर घाबरलं हे सहनच होत नाही, त्यांना वाटतं जीएमने लगाम काढून घेतला. पण सशाला भीती हे हत्यार आहे, जो घाबरतो तो जगतो. सेशनच्या आधी हे बोलून घ्यावं सरळ, की या खेळात पळणं म्हणजे जिंकणं.

टेकडीपलीकडे

रानवाट, तुमच्या मुद्द्याला एक धोका आहे तो सांगते. नियमांत प्राणी घालायचा म्हटलं की पटकन काय होतं, कोल्हा म्हणजे लबाड, गाढव म्हणजे मूर्ख, लांडगा म्हणजे क्रूर, असे स्वभाव आकड्यांत बसवले जातात. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींतले ठसे आहेत ते. गोष्टीत चालतं, तिथे तो कोल्हा एका पानापुरता असतो, पण वर्षभराच्या कॅम्पेनमध्ये 'माझी जात अशीच' म्हणून खेळणं कंटाळवाणं होतं आणि थोडं विषारीही होतं, कारण मग आख्ख्या जमातीला एक स्वभाव चिकटवायची सवय लागते.

शरीर नियमांत असावं, स्वभाव नसावा, अशी माझी फारकत आहे. 'आयर्नक्लॉ' (सँग्विन, १९९९) मध्ये हे बऱ्यापैकी जमलंय. प्रत्येक कॅरॅक्टरला शरीर, वेग, मन, इच्छाशक्ती यांच्यासारखाच जमातीचा एक फासा आणि पेशाचा एक फासा असतो, तुमच्या प्राण्याला जे निसर्गतः येतं त्यात जमातीचा फासा मिळतो. बाकी तुम्ही प्रामाणिक कोल्हा व्हा का कपटी ससा व्हा, खेळ काही म्हणत नाही. रिनाल्डी हे कोल्ह्यांचं घराणं आहे आणि त्यांच्या अडचणी या पैशाच्या, वारशाच्या, मोडकळीला आलेल्या सत्तेच्या आहेत.

आणि 'पगमायर' ने अजून वेगळी वाट काढली, एडी वेबचा. माणसं नाहीशी झालीयत, कुत्री उभी राहून बोलायला लागलीयत, आणि माणसांनी मागे ठेवलेल्या गोष्टींवर त्यांचा धर्म उभा आहे. आज्ञा बघा त्यांच्या, चांगला कुत्रा हो, मालकाचं ऐक, जे मागे राहिलंय ते आणून दे. प्रत्येक आज्ञा आपण कुत्र्याला रोज सांगतो तशी आहे, पण मालक कायमचा गेल्यावर ती धर्मवाक्य झालीय. 'चांगला कुत्रा' म्हणजे काय यावर आमच्या टेबलावर एवढी भांडणं झालीयत (खेळातल्या कुत्र्यांची) की ती पूर्ण रात्र पुरली. इथे प्राणीपण नाकात किंवा पंजात नाही, निष्ठेत आहे. हे पण नियमांतच आलेलं आहे की.

रानवाट

शरीर नियमांत, स्वभाव खेळणाऱ्याकडे, ही विभागणी मला एकदम पटली आणि यापुढे मी ती तुमच्या नावाने वापरणार आहे. पगमायर मी वाचलाय पण खेळलेली नाही, निष्ठेचा मुद्दा फार नेमका पकडलात.

अजून एक वाचक

इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज लिहितोय. मी डी अँड डी सोडून काही खेळलेलो नाही. आमच्या ग्रुपमध्ये चौघं आहेत, त्यातल्या दोघांना नियम वाचायचा कंटाळा आहे. एका संध्याकाळीत होईल आणि प्राणी झाल्यासारखं वाटेल असं काय घ्यावं? 'हम्बलवुड' बद्दल ऐकलंय.

घुबडराव

हम्बलवुड घेऊ शकता, हिट पॉइंट प्रेसचं २०१९ चं, ते डी अँड डी च्या पाचव्या एडिशनसाठीच आहे त्यामुळे नवं काही शिकावं लागणार नाही. पक्ष्यांना तरंगत खाली उतरता येतं, लढाईत त्याची मजा येते. चित्रं अप्रतिम आहेत. पण रानवाट म्हणतायत तसलं प्राणीपण हवं असेल तर तिथे कमी आहे हे मीच सांगतो.

रानवाट

@अजून एक वाचक, स्वागत! 'माउसरिटर' घ्या, डोळे झाकून. आयझॅक विल्यम्सचा, २०२० चा. कॅरॅक्टर बनवायला काही मिनिटं, तीनच गुण, वीसचा फासा टाकायचा आणि गुणाइतकं किंवा कमी आणायचं. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी काहीच वाचलं नाही तरी चालतं.

आणि खरी कमाल तुमच्या शीटवरच्या दहा खणांत आहे. दोन पंज्यांचे, दोन अंगावरचे, सहा पिशवीचे. प्रत्येक वस्तू हा कागदाचा छोटा तुकडा, तो खणात ठेवायचा. बस, तेवढंच तुम्ही उचलू शकता कारण तुम्ही उंदीर आहात. आणि भूक, जखम, भीती, थकवा हेही तुकडेच असतात, ते सुद्धा खणातच बसतात.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. एका पडक्या घराच्या भिंतीतून चौघी उंदरीण बाहेर येतायत, एकीच्या पिशवीत सगळं ठासून भरलेलं, दोरा, मेणबत्तीचं बुडखं, खायचं, आणि एक चांदीचं बटण जे दोन खण अडवतं, पंज्यात सुई. पलीकडे मांजर बसलंय. मी फक्त एवढंच म्हटलं की गरम हवा येतेय, आत जाते, परत येते. तिने फासा टाकला, चुकला, मी 'घाबरलेली' चा तुकडा तिच्यासमोर ठेवला. आता तो ठेवायला जागा नाही! ती बराच वेळ त्या खणांकडे बघत राहिली. बटण टाकलं तर एवढं केलेलं फुकट, खायचं टाकलं तर परतीचा रस्ता लांब, सुई टाकली तर रिकाम्या हाताने मांजरासमोर. शेवटी तिने सुई हळूच खाली ठेवली, स्वतःच्या हाताने तो कागद उचलून बाजूला केला, आणि म्हणाली, तशी पण मांजराला सुईने काय होणारे. कोणी वर्णन केलं नव्हतं की तू उंदीर आहेस, छोटी आहेस, घाबरलीस. त्या दहा खणांनी सांगितलं तिला.

तुम्ही जीएम असाल तर तीन गोष्टी सांभाळा. अंतरं कायम उंदराच्या मापाने सांगा, खोली ओलांडणं म्हणजे प्रवास, पायरी म्हणजे कडा. मोठा प्राणी एकदम दाखवू नका, आधी वास, मग जमिनीचा थरकाप, मग सावली. आणि सरळ लढाई त्यांना महागात पडू दे, दोघी-तिघी जायबंदी झाल्या की पुढच्या वेळी आपोआप सापळे लावायला लागतात, वाटाघाटी करतात, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचे बेत खरोखर आखतात.

गोष्टीवेल्हाळ

आमच्याकडे मुलं पण खेळायला बसतात म्हणून माझी भर. वर आलेले बरेच खेळ भीतीवर चालतात, ते लहानांना जड जातात, पाळलेलं जनावर नुकतंच गेलेलं असेल तर मोठ्यांनाही. सेशनआधी विचारून घ्याच की प्राण्याचं मरण टेबलावर चालेल का.

मुलांसाठी 'गोल्डन स्काय स्टोरीज' बघा, र्यो कामियाचा जपानी खेळ, २००६ चा, इंग्रजीत २०१३ ला आला. तुम्ही कोल्हा, तानुकी (रॅकून डॉग), मांजर, कुत्रा, ससा किंवा पक्षी असता आणि माणसाचं रूप घेऊ शकता. फासे नाहीतच, कोणाशी नातं किती जुळलंय यावरून तुम्हाला खर्चायला ताकद मिळते. पूर्ण माणूस दिसायचं तर जास्त खर्च, थोडक्यात भागवलं तर कान आणि शेपूट बाहेर राहतात. रानवाट, तुमच्या शीर्षकाला हे उत्तर आहे बघा, इथे शेपूट अक्षरशः नियमात आहे! आणि गोष्टी केवढ्याशा, दोन मैत्रिणींचा अबोला मिटवायचा, कोणाची हरवलेली वस्तू शोधून द्यायची. आमच्या धाकट्याने सगळे पॉइंट साठवून ठेवले आणि सबंध वेळ शेपूट घेऊन फिरला, गावातल्या आजीला संशय आला तर तिला म्हणाला, हो, आहे मला शेपूट, कोणाला सांगू नका.

रानवाट

@गोष्टीवेल्हाळ हे मला माहीतच नव्हतं, आजच शोधते. धाकट्याला सांगा त्याची खेळी फार आवडली.

अजून एक वाचक

माउसरिटर ठरलं. शनिवारी खेळतोय, तुकडे कापायला घेतलेत. एक शंका, पार्टीतल्या एकाला उंदीर नको, चिमणीच व्हायचंय, म्हणतोय उडता आलं पाहिजे. द्यावं का?

टेकडीपलीकडे

पहिल्याच सेशनला नको. एकाला उडता आलं की भिंत, नाला, कडा हे सगळे अडथळे त्याच्यापुरते संपतात आणि बाकी तिघी खाली बसून राहतात. हवंच असेल तर पंख असलेल्याला खण कमी द्या, उडायचं तर दोन्ही पंजे रिकामे आणि पिशवीत दोनच वस्तू. मग त्याला दर वेळी ठरवावं लागेल, वर जायचं का काही घेऊन जायचं.

रानवाट

+१, हेच लिहायला आले होते. आणि चिमणीला रात्री फारसं दिसत नाही हे पण शीटवर लिहून द्या. शनिवारचा वृत्तांत इथेच टाका.